पडेगावची अनधिकृत मैत्री

जिल्ह्यातील मुलांचा एकटेपणा येत्या दिवाळीपूर्वी संपवण्यात येईल, असं परिपत्रक निघालं तेव्हा छत्रपती संभाजीनगरात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. नळाला पाणी कधी येणार हे या शहरात ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण एकटेपणा कधी जाणार याची तारीख सही-शिक्क्यानिशी जाहीर झाली. लोकांनी ती वाचली, बरं झालं म्हणाले आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

परिपत्रकाची पार्श्वभूमी गंभीर होती. शाळेचा गृहपाठ मोबाइलवर यायला लागला तेव्हापासून मुलं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत, अशा तक्रारी वाढल्या होत्या. म्हणून वरच्या कार्यालयानं सर्वेक्षण केलं. ते अर्थातच मोबाइलवर केलं. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ या प्रश्नाला मुलांनी आपापल्या कोपऱ्यात बसून उत्तरं दिली. निष्कर्ष असा निघाला की मुलं मोबाइल फार वापरतात आणि त्यामुळे एकटी पडतात. सबब त्यांना मित्र मिळवून देण्यासाठी मोबाइलवर एक अॅप देण्यात यावं. अॅपचं नाव ‘मैत्रसेतू’. रोज गृहपाठ संपला की प्रत्येक मुलानं आपल्या मित्राबरोबरचा, ठिकाण आणि वेळ छापलेला फोटो त्यावर चढवायचा. मित्र एकच. दुसरा चढवला की अॅप बंद पडायचं, कारण बनवणाऱ्याच्या कल्पनेत तेवढाच मावला होता.

पडेगावच्या मातोश्री मनकर्णाबाई विद्यालयात हे परिपत्रक पोचलं आणि संस्थापक-अध्यक्ष तात्यासाहेबांनी मुख्याध्यापक अप्पारावांना बोलावून घेतलं. शाळेला नाव तात्यासाहेबांच्या आईचं, जागा तात्यासाहेबांच्या भावाची आणि निर्णय तात्यासाहेबांचे अशी कामाची वाटणी होती. अप्पारावांकडे सह्या होत्या.

“अप्पाराव, आपली शाळा जिल्ह्यातली पहिली एकटेपणामुक्त शाळा झाली पाह्यजे. गेटवर बोर्ड लागला पाह्यजे.”

“होय साहेब. पण एकटेपणा म्हणजे जरा आतला विषय—”

“आतला-बितला काय नाय. मी सरपंच व्हतो तवा गाव हागणदारीमुक्त कसं केलं? पथक नेमलं. टमरेल घेऊन कुणी निघालं की त्याच्या मागं शिट्टी वाजवायची अन् हातात गुलाबाचं फूल द्यायचं. लोक लाजले अन् सुधरले. इथंबी तेच करा. एकटं पोरगं दिसलं की वाजवा शिट्टी, द्या फूल.”

“साहेब, दोन्ही गोष्टी जरा वेगळ्या आहेत.”

“बसण्याचाच प्रश्न हाय ना दोन्हीकडं?”

यावर अप्पारावांकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे उत्तरं असतात ते फार काळ मुख्याध्यापक राहत नाहीत. दुसऱ्याच दिवशी शाळेत ‘एकटेपणा निर्मूलन पथक’ स्थापन झालं. लाल टोप्या आल्या, शिट्ट्या आल्या, शाळेच्या बागेतले गुलाब तोडण्याची जबाबदारी सांडू शिपायावर आली. पथकाचं प्रमुखपद तात्यासाहेबांच्या नातीकडे, नववीतल्या तनुजाकडे, बिनविरोध गेलं.

मग वर्गावर्गातून जोड्या लावण्यात आल्या. जोडी लावताना आडनाव पाहू नये, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी आधी आडनावच पाहिलं. तनुजाची जोडी सत्यमशी लागली, कारण सत्यमचे वडील शाळेच्या नव्या इमारतीचे ठेकेदार होते. हे दोघं रोज चार वाजता झेंड्याखाली उभे राहायचे, दात दाखवायचे, फोटो काढायचे आणि एक शब्द न बोलता दोन दिशांना जायचे. अॅपनं त्यांना ‘जिवलग’ हा दर्जा दिला होता.

नववीचा पट विषम होता. सगळ्या जोड्या लागल्यावर एक मुलगी उरली. तिचं नाव अमृता.

अमृता जूनमध्ये फुलंब्रीहून आली होती. वडील धम्मपाल वाळूजच्या कंपनीत होते. पोरगी शिकावी म्हणून त्यांनी पडेगावात गुंठेवारीतला तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. फुलंब्रीत अमृताच्या मागं अख्खी गल्ली असायची. इथं मधल्या सुट्टीत सगळी पोरं मान खाली घालून अंगठे चालवत बसायची आणि ती सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली डबा उघडून बसायची. तिची अडचण अगदी साधी होती: तिला बोलायला कुणीतरी हवं होतं. घरी आई-वडील होते, पण आईला सांगण्याजोगं आणि मैत्रिणीला सांगण्याजोगं यात फरक असतो, हे ज्याला चौदावं वर्ष आठवतं त्याला सांगायला नको. जून ते ऑगस्ट या काळात तिच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोललेली बाई म्हणजे फोन कंपनीची, ‘आपण रांगेत आहात’ असं सांगणारी. बाईचा आवाज मात्र मायाळू होता.

आता अमृताला रोज गुलाब मिळू लागले. पथक यायचं, शिट्टी वाजायची, सगळी शाळा माना वर करून बघायची, फूल दिलं जायचं, माना परत खाली जायच्या. ती फुलं ती घरी न्यायची. आई लीलाबाई ती भगवान बुद्धांच्या मूर्तीपुढं ठेवायची. आठवडाभरानं धम्मपालच्या मनात पाल चुकचुकली.

“पोरीला रोज गुलाब कोण देतंय गं?”

“शाळा देतीय म्हणं.”

“शाळा?” धम्मपालनी त्या दिवशी रजा टाकली आणि शाळा गाठली.

अप्पारावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चेहरा डॉक्टरसारखा केला. “धम्मपालराव, घाबरू नका. तुमची मुलगी एकटी निघाली आहे.”

“एकटी कशी? आम्ही हावोत की दोघंबी. अन् अभ्यासात तर लई हुशार हाय.”

“हुशारीचा प्रश्न नाही. वर्गातल्या सगळ्यांचा एकटेपणा क्लिअर झाला. तुमच्या मुलीचा थकलेला आहे. दिवाळीआधी तिला मित्र मिळाला नाही तर शाळेचा बोर्ड अडकतो.”

“मंग द्या की एखादी मैत्रीण. तीबी तेच म्हणायलीय.”

“शिल्लक नाही,” अप्पाराव म्हणाले. “आम्ही प्रयत्न केला. एका जोडीत तिसरी म्हणून टाकलं, अॅपनं घेतलं नाही. सांडू शिपायाचं नाव घातलं, वयात बसला नाही.”

चहा घेऊन आलेला सांडू म्हणाला, “मैं तो तैयार था, साब.”

तिकडं मैत्रीचा विषय शाळेनं इतका मनावर घेतला होता की खेळायला कुणाला वेळ उरला नव्हता. मैत्रीला तोंडी परीक्षा होती, लेखी होती, थर्माकोलचा प्रकल्प होता. उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासनं ‘मैत्री क्रॅश कोर्स’ काढला; त्यात मैत्रीचे अतिसंभाव्य प्रश्न छापून मिळायचे. भाजीबाजारात आया एकमेकींना विचारायच्या, “तुमच्याचं मैत्रीत कसं काय?” एकीच्या मुलाचा एक मार्क मित्राच्या खांद्यावर चुकीचा हात ठेवल्यामुळे गेला होता आणि तिनं पेपर पुन्हा तपासायला टाकला होता. सत्यम आणि त्याचा बाकावरचा दोस्त पाचवीपासून एका सायकलवर डबलसीट यायचे. मैत्रीच्या गुणवत्ता यादीत दोघांची चुरस लागली आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. निकाल चांगला लागला. दोघंही पहिल्या पाचात आले.

अशात पथकप्रमुख तनुजा एकदा दुपारी एकटीच कडुनिंबाखाली आली, कारण पथकातल्या इतरांना मैत्रीचा प्रकल्प पूर्ण करायचा होता. तिनं शिट्टी वाजवली, गुलाब पुढं केला आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. “एकटं बसणं ही केवळ वैयक्तिक नव्हे तर—”

“—सामाजिक चूक आहे,” अमृतानं पुढचं म्हणून टाकलं. “रोजच म्हणतीस की. मलाबी पाठ झालंय.”

“मग बसतीस कशाला?”

“मग कुणासंगं बसू?”

या प्रश्नाचं प्रशिक्षण पथकाला दिलेलं नव्हतं. तनुजानं वाकून डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, “डब्यात काय हाय?”

“भाकरी अन् ठेचा. तुला नाय झेपणार.”

“ए, मला काय समजतीस?” तनुजा खाली बसली आणि तिनं मोठा घास घेतला. पुढचा काही वेळ ती नाक-डोळे पुसत, हाशहुश करत पाण्याची बाटली रिकामी करत होती आणि अमृता पोट धरून हसत होती. हसता हसताच ती म्हणाली, “अन् टोपी उलटी घातलीस गं. आतलं लेबल कपाळावर आलंय.”

तनुजानं टोपी काढून पाहिली. खरंच उलटी होती. ती सकाळी प्रार्थनेपासून तशीच फिरत होती, अख्ख्या शाळेनं पाहिलं होतं, मोबाइलमध्ये तिच्याकडे शेकड्यांनी नंबर होते, जिवलग म्हणून एक सत्यमही होता. पण अध्यक्षांच्या नातीला टोपी उलटी आहे हे सांगणारं एकही माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. तिला हसू फुटलं आणि डोळ्यात पाणीही आलं. पाणी ठेच्याचं होतं, असं ती नंतर म्हणाली.

त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत पथकाची कारवाई कडुनिंबाखालीच होऊ लागली. कारवाईत एक तांत्रिक पेच होता. तनुजा शेजारी बसली की अमृता एकटी राहायची नाही, म्हणजे फूल परत घ्यावं लागायचं. तनुजा उठली की ती पुन्हा एकटी, म्हणजे फूल देणं आलं. दोघींनी या नियमाची इतक्या काटेकोरपणे अंमलबजावणी केली की एकच गुलाब उठाबशांच्या तालावर इकडून तिकडं फिरायचा आणि दोघी हसून हसून आडव्या व्हायच्या. अमृता बोलायला लागली होती. फुलंब्रीची गल्ली, बीजगणिताची भीती, वर्गावर येणाऱ्या रूपा मॅडमची चाल, पोटात असलेलं सगळं भडाभडा बाहेर येत होतं. घरी ती जेवताना गाणं म्हणायला लागली. लीलाबाईनं नवऱ्याला सांगितलं, “पोरगी परत आली बगा.”

ही मैत्री अॅपवर नव्हती. तनुजाच्या नावापुढं सत्यम होता आणि रकाना भरलेला होता.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासणी अधिकारी सर्जेराव साहेब शाल-श्रीफळ घेऊन, पोहे खाऊन, तात्यासाहेबांसोबत आवारात फिरायला निघाले. सगळीकडे जोड्या उभ्या होत्या, फोटो निघत होते, शांतता आदर्श होती. एवढ्यात सायकल स्टँडकडून हसण्याचा असा काही स्फोट झाला की साहेबांच्या हातातला नारळ निसटला.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“हसणं असावं, साहेब,” अप्पाराव म्हणाले. त्यांनाही खात्री नव्हती.

साहेबांनी दोघींची नावं अॅपमध्ये घातली. अॅप लाल झालं. “ही मुलगी तर नोंदीत एकटी दिसते! आणि हिचा मित्र सत्यम आहे. मग या दोघी एकत्र कोणत्या आदेशानं हसत होत्या?”

“साहेब, आम्ही मैत्रिणी आहोत,” तनुजा म्हणाली.

“तसं तोंडी चालत नाही, बाळ. नोंद नसलेली मैत्री अनधिकृत असते.”

तात्यासाहेबांनी अमृताकडे पाहून विचारलं, “कुठली गं तू? वडिलांचं पूर्ण नाव काय?” अमृतानं आडनावासकट सांगितलं. तात्यासाहेबांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. पडेगावात एवढं पुरतं.

धम्मपालना पुन्हा बोलावणं गेलं. दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. पट विषम असल्यामुळे एक मूल एकटं राहणार हे गणितानं सिद्ध होतं. तेव्हा ते मूलच पटावरून कमी केलं, म्हणजे दाखला देऊन टाकला, की शाळा एकटेपणामुक्त होते, असं तात्यासाहेबांचं म्हणणं पडलं. हिशोबात खोट काढायला जागा नव्हती. अमृता दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिनं तनुजाचा हात इतका घट्ट धरला होता की दोघींची बोटं पांढरी पडली होती.

धम्मपाल उठून उभे राहिले. “साहेब, मी गुंठेवारीत राहतो. माझं घर अनधिकृत व्हतं. रस्ता अनधिकृत, नळ अनधिकृत, विजेचा खांब सुदिक कुणाच्या तरी नावावर. अर्ज केला, दंड भरला अन् नियमित झालं का नाय? अर्धं शहर असंच नियमित झालंय. मंग दोन पोरींची मैत्री तेवढी नियमित होत नाय व्हय?”

सर्जेराव साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना समजेल असं बोललं होतं. “होईल! का नाही होणार? मुलीच्या नावावर आधीच एक मैत्री आहे, त्यावर ही दुसरी. म्हणजे जादा मजला! जादा मजल्याला तरतूद असते. फक्त शेजाऱ्यांची, आपलं, पालकांची संमती घ्या.”

दोघी पोरी तिथंच उड्या मारायला लागल्या. धम्मपालनी साहेबांचे हात हातात घेतले. “पहिली संमती माझी,” असा शब्द दिला.

पालकांची संमती घ्यायची म्हणजे पालकांच्या ग्रुपवर मजकूर टाकायचा. मजकूर अप्पारावांनी लिहिला आणि एक दुरुस्ती तात्यासाहेबांनी सुचवली. ‘सर्व सन्माननीय पालक बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार’ इथून सुरू होऊन तो मजकूर अभियानाची उद्दिष्टं, संस्थेची उज्ज्वल परंपरा आणि आगामी पालकसभेतल्या अल्पोपाहारावरून वळणं घेत घेत शेवटी अमृतापाशी पोचत होता. तिथं लिहिलं होतं: सदर विद्यार्थिनीची मैत्री नियमित करण्यास संमती असल्यास ‘नियमित’ असा शब्द लिहावा, सदर विद्यार्थिनीस शाळा सोडल्याचा दाखला देण्यास संमती असल्यास फक्त अंगठा दाखवावा. अंगठ्याची सूचना तात्यासाहेबांची होती. इतक्या निवडणुका लढवलेल्या माणसाला लोक काय वाचतात आणि काय वाचत नाहीत हे बरोबर कळतं.

सकाळी मजकूर पडला. पहिला अंगठा एका आईनं कणीक मळता मळता कोपरानं दिला. दुसरा एका वडिलांनी सिग्नलवर दिला. मग अंगठ्यांची रीघ लागली. दोघांनी अंगठ्याबरोबर हात जोडले, एकानं केक टाकला, कारण त्याला तो वाढदिवस वाटला. सत्यमच्या आईनं ‘खूप छान उपक्रम’ असं लिहून अंगठा दिला. रूपा मॅडमनी शिक्षिका म्हणून नव्हे, तर आपल्या मुलाच्या पालक म्हणून अंगठा दिला. ‘नियमित’ असा शब्द कुणीच लिहिला नाही. तो लिहायला शेवटपर्यंत वाचावं लागत होतं.

धम्मपाल त्या वेळी वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये होते. रात्रपाळी करून डोळे मिटत होते. एका ग्रुपवर कुणाला पोरगा झाला होता, एकावर कुणी वारलं होतं, एकावर सुप्रभात होतं. त्यांनी पहिल्याला अंगठा दिला, दुसऱ्याला हात जोडले, तिसऱ्याला अंगठा दिला. शाळेच्या ग्रुपवर शाळेचा लांबलचक मजकूर होता आणि खाली सगळ्यांचे अंगठे होते. सगळ्यांनी संमती दिलीय हे बघून त्यांना भरून आलं. त्यांनीही अंगठा दिला. आणि घरी येऊन निवांत झोपले.

दुपारी अमृता दाखला घेऊन घरी आली, तेव्हा ते उठले.

अप्पारावांपुढं उभं राहून धम्मपाल मोबाइल नाचवत होते. “सर, मी वाचलंच नव्हतं वो!”

“कुणीच वाचलं नव्हतं, धम्मपालराव. पण ठराव एकमतानं झाला. त्यात मुलीच्या वडिलांची संमती असणं फार मोलाचं ठरलं.”

“आमचा आजाबी न वाचता अंगठा द्यायचा, सर,” धम्मपाल खाली बसत म्हणाले. “पर त्याला वाचता येत नव्हतं.”

अप्पारावांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी चहा मागवला. सांडूनं तो आणला नाही.

दिवाळीआधी गेटवर बोर्ड लागला. सत्कार झाला, ड्रोन फिरला. अमृता आता दौलताबाद रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेत जाते. तिथं ती नवीन आहे आणि त्या शाळेचंही अभियान जोरात चालू आहे. तनुजा रोज मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसते. तिच्याशेजारी कुणीही नसतं, पण तिच्या नावापुढं सत्यमची नोंद असल्यामुळे तिला एकटी म्हणता येत नाही. पथक तिला सलाम करून पुढं जातं.

तुम्हाला धम्मपालचा राग आला असेल. स्वतःच्या लेकराबद्दल चार ओळी वाचायला काय झालं होतं, असंही मनात आलं असेल. रास्त आहे. आता जरा तुमच्या मुलाच्या शाळेचा ग्रुप उघडा. आज सकाळी तिथं एक लांबलचक मजकूर पडलाय. खाली तुमचा अंगठा आहेच. वर कुणाच्या लेकराचं नाव आहे तेवढं वाचून घ्या.